दोरीचं दुसरं टोक

गवताला थंडी वाजत नाही. एवढं एकच वाक्य ती भर बैठकीत बोलली, आणि त्या दिवसापासून तिच्या बापाने तिच्याशी बोलणं टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्यात रागावण्यासारखं काय आहे? ऐका तर.

तिचे वडील, तात्या, एकतीस वर्षं त्या फुटबॉलच्या मैदानाचे राखणदार. माळी तेच, वैद्य तेच, पहारेकरी तेच. कुणी चपला घालून उगाच मैदान ओलांडायला लागलं, तर तात्या असे खेकसायचे की पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला घाबरून खाली उतरायचा. गेल्या हिवाळ्यात थंडीने कहर केला. रोज धुकं, रोज दव. तात्यांचा सगळा जीव त्या गवतात. त्यांनी काय केलं, तर रोज संध्याकाळी अख्ख्या मैदानावर ताडपत्र्या पसरल्या, लेकराला पांघरूण घालावं तशा. ऊन वर आलं की काढायच्या, दिवस कलला की पुन्हा घालायच्या. बाराव्या दिवशी ताडपत्री उचलली, तर खाली नाण्याएवढे तपकिरी डाग आणि त्यांच्या कडेला कापसासारखी पांढरी बुरशी. चार दिवसांत डाग ताटाएवढे झाले. आठ दिवसांत गोलपोस्टपासून मधल्या रेषेपर्यंत गवत कुजून गेलं. मग औषधं मारली, पण बैल गेला आणि झोपा केला! त्या वर्षीचा अंतिम सामना पुलापलीकडच्या मैदानावर हलवला आणि क्लबच्या अध्यक्षांनी तात्यांना ‘आता आराम करा’ म्हणून घरी बसवलं.

पुढे काय करायचं, ते ठरवायला पावसाळा संपता संपता बैठक बसली. अध्यक्षांच्या टेबलावर प्लास्टिकच्या गवताचा हातभर तुकडा. अध्यक्ष त्यावरून मांजरीला कुरवाळावं तसा हात फिरवत होते. “याला पाणी नको, औषध नको, आजार नाही, म्हातारपण नाही,” ते म्हणाले.

ती उठून उभी राहिली. दहा वर्षं तात्यांच्या हाताखाली काम केलेली बाई. ‘हवामानाने घात केला’ असं म्हणून मोकळी झाली असती, तर बापाची लाज राहिली असती. पण मग अध्यक्षांनी विचारलं असतं, हवामान तर पुढच्या वर्षीही येणारच आहे, मग तुम्ही करणार काय? त्यावर उत्तर एकच होतं, आणि ते तिने दिलं. “हवामानाने नाही, ताडपत्र्यांनी घात केला. गवताला थंडी वाजत नाही, साहेब. पांघरुणाखाली ओल कोंडली म्हणून बुरशी लागली. मला एक हिवाळा द्या. मी ओल कोंडू देणार नाही.”

“आणि रोग आलाच तर?”

“तर मैदान उखडा. मला काढा. क्लबच्या ज्या दोन खोल्यांत आम्ही राहतो, त्याही घ्या.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला! असं तिला स्वतःलाच नंतर वाटलं. पण शब्द गेला तो गेला. एक हिवाळा मिळाला. तात्या मागच्या रांगेत बसले होते. ते उठले, टोपी घातली आणि घरी गेले. आईला एवढंच म्हणाले, “आपलेच दात, आपलेच ओठ.” घरी आल्यावर त्यांनी मैदानाकडची खिडकी लावून घेतली, ती काही उघडली नाही.

दोन खोल्यांच्या घरात अबोला धरायचा म्हणजे मोठं कसब लागतं हो. तात्या जेवायला बसले की भिंतीशी बोलायचे. “मीठ कमी आहे, असं कुणीतरी सांगा.” आई म्हणायची, “कुणीतरी समोरच बसलंय, सांगा की तुमच्या तोंडाने!” तेवढ्यावर तात्या मिठाची बाटली स्वतः उठून घ्यायचे. तिला हसू यायचं आणि लगेच रडूही यायचं. बापाने बोलणं टाकावं असं ती आयुष्यात कधी वागली नव्हती, आणि जे बोलली त्यात तसूभरही खोटं नव्हतं. हेच तर दुखत होतं.

पण दुखतंय म्हणून बसून कसं चालेल? थंडी सुरू व्हायच्या आधी तिने कंबर कसली. पहिला हात घातला तो थेट अध्यक्षांच्या लाडक्या कुंपणावर. पूर्वेच्या बाजूला त्यांनी हौसेने लावलेली झुडपं, चांगली पुरुषभर उंच झालेली. सकाळचं ऊन अडायचं, वारा अडायचा. तिने ती गुडघ्याएवढी छाटली. अध्यक्ष धावत आले. “अहो, हे काय केलंत? वीस वर्षांची झाडं!”

“साहेब, झाडं ठेवा नाहीतर मैदान ठेवा.”

अध्यक्ष छाटलेल्या फांद्या बघत परत गेले.

मग जमिनीला भोकं पाडून घेतली, म्हणजे पाणी वर न साचता खाली झिरपेल. कापायच्या यंत्राची पाती मशीनमामांकडून दर आठवड्याला धार लावून घेतली, कारण बोथट पात्याने गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेल्या जागी रोगाला आयतं दार उघडतं. मशीनमामा म्हणजे तिचा एकुलता एक मदतनीस. साठीला टेकलेला, यंत्रापेक्षा स्वतः जास्त आवाज करणारा. आणि धुकं सुरू व्हायच्या आधी, एकही डाग दिसत नसताना, तिने बुरशीच्या औषधाचा एक हात मारून घेतला.

मैदान हिरवंगार दिसेना, तेव्हा क्लबातले शहाणे बोलायला लागले. “युरिया टाका की दोन पोती, आठ दिवसांत कसं पोपटासारखं होईल!”

“पी हळद आणि हो गोरी!” ती म्हणाली. “थंडीच्या तोंडावर युरिया टाकला की गवत लुसलुशीत होतं, आणि बुरशीला लुसलुशीतच आवडतं. मला दिसायला गोरं नको, अंगाने काटक हवंय.”

पण लोकांच्या चेष्टेचा खरा विषय होता तिची दोरी. रोज पहाटे उजाडायच्या सुमाराला ती आणि मशीनमामा एक लांबच लांब दोरी घेऊन मैदानाच्या दोन कडांना उभे राहायचे, आणि दोरी गवतावरून ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. पात्यांवरचं दव झडून खाली पडायचं, आणि पुढच्या तासाभरात गवत कोरडं. रात्रभराचं दव दुपारपर्यंत अंगावर वागवणारं गवत आजारी पडतं, आणि सकाळीच कोरडं झालेलं वाचतं. सगळी विद्या एवढीच. पण फिरायला येणाऱ्यांना ते कुठलं पटायला! “काय बाई, मासे लागले का जाळ्यात?” कुणीतरी तिचं नाव ‘दोरीवाली’ पाडलं, आणि महिनाभरात खुद्द आईसुद्धा हाक मारायला लागली, “अगं ए दोरीवाले, चहा निवतोय!”

भर हिवाळ्यात धुकं आलं आणि मुक्कामालाच राहिलं. सलग अकरा दिवस सूर्याचं दर्शन नाही. ती सकाळी दोरी ओढायची, दुपारी पुन्हा ओढायची. आठव्या दिवशी मशीनमामांच्या कमरेत उसण भरली. “पोरी, मी गेलो कामातून,” म्हणून ते खाटेला टेकले. एका हाताने टाळी वाजत नाही आणि एका माणसाने दोरी ओढली जात नाही. तिने दोरीचं एक टोक लोखंडी खुंटीला बांधलं. एक पट्टा ओढायचा, परत यायचं, खुंटी उपटायची, चार पावलं पुढे ठोकायची, पुन्हा ओढायचं. पाऊण तासाचं काम तीन तासांवर गेलं. हाताची सालं निघाली. खुंटी ठोकताना ती एकदा सहज घराकडे बघायची. खिडकी बंदच असायची.

नवव्या दिवशी बातमी आली. पुलापलीकडचं मैदान बुरशीने गेलं. त्यांनी दिसायला छान म्हणून युरिया टाकला होता, आणि थंडी वाजू नये म्हणून वर ताडपत्र्याही. रविवारचा अंतिम सामना आता इथेच होणार! मशीनमामा खाटेवरून ओरडले, “फिटले गं पोरी पांग!” अध्यक्षांनी फोनवर तीनदा विचारलं, “आपलं ठीक आहे ना? नक्की ठीक आहे ना?”

“ठीक आहे,” ती म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी, उत्तरेकडच्या गोलपोस्टच्या बाजूला तिला डाग दिसला.

तळहाताएवढा. तपकिरी. ती गुडघ्यांवर बसली, नाक गवताला लावलं, पांढरे धागे शोधले. दिसले नाहीत. पण म्हणजे नाहीतच, की अजून यायचे आहेत? ते सांगू शकेल असा या भागात एकच माणूस होता, आणि तो तिच्याशी बोलत नव्हता.

तिने डागाच्या कडेचा मातीसकट एक तुकडा सुरीने कापला, घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या वाटीत घालून तात्यांच्या पुढ्यात ठेवला. “तात्या, एवढं बघा. पाया पडते तुमच्या.”

तात्यांनी वाटीकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते भिंतीशी न बोलता तिच्याशी बोलले. “मला काय विचारतेस? मी तर गवत मारणारा माणूस.”

वाटी तिथेच ठेवून कामाला निघून गेली, आणि त्या दिवशी खुंटी ठोकताना ती हमसून हमसून रडली. धुकं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही, एवढंच.

दुपारी तात्या टोपी घालून, पिशवी घेऊन बाहेर पडले. कुठे म्हणून आईने विचारलं, तर “जरा पुलापलीकडे.” संध्याकाळी आई भांडी लावताना वैतागली. “माझ्या तीन वाट्या गेल्या कुठे? आणि दोन बशा? या घरात आता भांडीसुद्धा अबोला धरून बसली की काय!” तात्या वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते.

शनिवारी सकाळी ती चहा घेत असताना तात्यांनी मोरीच्या फळीवरून एक वाटी आणली आणि वरची बशी उचलली. आत तिचाच तुकडा होता, खाली ओला कागद. रात्रभर झाकलेला.

“एकही धागा नाही,” तात्या म्हणाले. “रोग असता तर ओलीत कोंडल्यावर एका रात्रीत कापूस फुटला असता. आणि कडेला बघ, गवत जास्तच हिरवं झालंय. कुत्रं मुतलंय. मशीनमामाला सांग, मागचं दार लावत जा म्हणावं.”

ती वेड्यासारखी हसायला लागली. एका कुत्र्याने तिचा जीव टांगणीला लावला होता! तिला तात्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण ते पाठ फिरवून फळीवरच्या उरलेल्या दोन वाट्यांकडे बघत उभे होते. त्यात काय आहे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

दुपारी चार वाजता अध्यक्ष आले. एकटे आले नाहीत, ताडपत्र्यांनी भरलेला टेम्पो आणि दहा माणसं घेऊन आले. “आज रात्री कडाक्याची थंडी आहे. उद्या दहा वाजता सामना. मी धोका पत्करणार नाही. पसरा रे!”

“साहेब, रात्रभर झाकलंत तर उद्या सकाळी गवत घामेजलेलं असेल. अकरा दिवसांच्या धुक्यातून ओढून काढलंय मी त्याला. आता एका रात्रीसाठी...”

“तेच म्हणतोय! एका रात्रीने काय होतंय? गारठ्याने करपलं तर जबाबदार कोण?”

“मी.”

“तुमची जबाबदारी मला सोमवारी काय कामाची? पसरा!”

माणसांनी पहिली ताडपत्री उलगडली. ती जाऊन तिच्यावर उभी राहिली. अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. “बाई, बाजूला व्हा. अनुभव नाही तुम्हाला. तुमच्या वडिलांनी तीस वर्षं...”

“एकतीस,” मागून आवाज आला.

तात्या होते. मैदानाच्या रेषेबाहेर, चपला काढून उभे. दोन्ही हातांत एकेक वाटी. वर्षभरात त्यांनी मैदानावर पाऊल टाकलं नव्हतं. आता ते अनवाणी गवतावरून चालत आले आणि अध्यक्षांच्या पुढे थांबले.

“हा घ्या पुलापलीकडच्या मैदानाचा तुकडा. काल दुपारी आणला. एकाच ढेपेचे दोन भाग केले. हा मी रात्रभर उघडा ठेवला.” त्यांनी डावी वाटी अध्यक्षांच्या हातात दिली. गवत आजारीच होतं, पण कोरडं, डाग होता तेवढाच. “आणि याला मी पांघरूण घातलं.” त्यांनी उजव्या वाटीवरची बशी उचलली. आत गवत दिसतच नव्हतं. पांढरा, ओलसर कापूस वाटीच्या काठापर्यंत आला होता.

टेम्पोवाली माणसं वाकून बघायला लागली. अध्यक्ष एक पाऊल मागे सरकले.

“हातच्या कांकणाला आरसा कशाला, साहेब?” तात्या म्हणाले. “गेल्या वर्षी मी हेच केलं. माया केली आणि मारलं. अति तिथे माती. हवामानाने नाही, दुसऱ्या कुणी नाही, मी मारलं. पोरगी खरं बोलली होती. मला ते सहन झालं नाही, म्हणून तीन महिने तोंड फिरवून बसलो. आता तीच चूक तुम्ही तिच्या मैदानावर करायची नाही. उचला ती ताडपत्री!”

तो आवाज! पलीकडच्या रस्त्यावर एक सायकलवाला खरोखरच खाली उतरला.

अध्यक्षांनी वाटीकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि ताडपत्रीवर खांबासारख्या उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “उचला रे.” टेम्पो आला तसा भरून परत गेला. ती तात्यांकडे बघत होती आणि डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या, पुसायचंही तिच्या लक्षात आलं नाही. बापाने चार लोकांत आपली चूक आपल्या तोंडाने सांगावी, याहून मोठं काय असतं, आणि तिने तर एवढंही मागितलं नव्हतं.

रविवारी उजाडताना ती बाहेर पडली. थंडी अशी की शब्द तोंडात गोठावेत. गवत दवाने पांढरं पडलेलं. तिने दोरी खांद्यावर घेतली, खुंटी काढायला अवजारांच्या खोलीत हात घातला, तर खुंटी जागेवर नव्हती. वळून पाहिलं, तर पलीकडच्या कडेला कानटोपी घातलेले तात्या उभे. खुंटी त्यांनी कुंपणाबाहेर भिरकावली होती.

“टोक फेक इकडे!” ते ओरडले.

तिने फेकलं. दोघं चालायला लागली. दोरी मधून चाललेली, मागे दव झडून गडद हिरवा पट्टा उमटत जाणारा. अर्ध्या मैदानावर तात्या खेकसले, “ताण धर! दोरी ओढतेस की वाळत घालतेस?” तीन महिन्यांचा अबोला, आणि पहिल्यांदा मोकळेपणी बोलले ते हे! ती एवढी खूश झाली की तिने जरा जास्तच ताण दिला आणि तात्या अडखळले. “अगं, बापाला पाडतेस का?”

“पाडणार नाही हो! चला तुम्ही!”

घराची खिडकी सताड उघडी होती. आई तिथून चहाचा पेला दाखवत होती.

नऊ वाजता धुकं फाटलं आणि अकरा दिवसांनी ऊन पडलं, ते थेट गवतावर, कारण पूर्वेला आता कुंपण गुडघ्याएवढंच होतं. सगळं मैदान लखलखत होतं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक डाग नाही, कुत्र्याचा सोडून. पंचांनी मैदान तपासायला चक्कर मारली, वाकून गवत चिमटीत धरून ओढलं. ते उपटलं गेलं नाही. पंच म्हणाले, “या मोसमात असं मैदान पाहिलं नाही.” मशीनमामा कमरेला पट्टा बांधून आले होते, ते शेजारच्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकवत सुटले, आणि प्रत्येक वेळी त्यात थोडी भर घालत होते.

सामना दीड तास रंगला. खेळाडू घसरून आडवे गेले, उठले, पुन्हा धावले, आणि जमिनीने सगळं सोसलं. कोण जिंकलं ते तिला नंतर विचारलं तर धड सांगता आलं नाही. ती चेंडू बघतच नव्हती. ती पाय बघत होती. बक्षिसाच्या वेळी अध्यक्षांनी माईक हातात घेतला. “आणि आजचा खरा विजय ज्यांचा आहे त्या...” ते तिचं नाव घ्यायच्या आधीच चारही बाजूंनी आरोळी उठली. “दोरीवाली! दोरीवाली!” इतके दिवस जे नाव ऐकून ती मान खाली घालायची, तेच आज मान वर करून ऐकलं. तिने तात्यांचा हात धरला आणि त्यांनाही ओढत मधल्या रेषेवर नेलं.

गर्दी ओसरली. बापलेक मैदानभर फिरत, बुटांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबून जागच्या जागी बसवत होते. अध्यक्ष काखेत प्लास्टिकच्या गवताचा तो तुकडा घेऊन आले. जरा ओशाळल्यासारखे म्हणाले, “याचं आता काय करायचं हो?”

तात्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. “छान आहे. आमच्या दाराशी टाकतो, पाय पुसायला.”

अध्यक्ष स्वतःच मोठ्याने हसले आणि निघून गेले. तात्या शेवटचं ढेकूळ दाबून सरळ झाले.

“उद्या किती वाजता?” त्यांनी विचारलं.

“तात्या, सामना झाला. उद्या सुट्टी घ्या.”

“दव सुट्टी घेणार आहे का?” तात्या म्हणाले. “सहाला ये. आणि तुझ्या आईच्या वाट्या तेवढ्या चांगल्या घासून दे, कालपासून ती माझ्याशी बोलत नाही.”